पाच मिलिमीटर जॅम

एडगर टपहोमने बायकोच्या केकला मोजायची पट्टी लावून फोटो काढला, तेव्हा त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. बेरिल परसात कपडे वाळत घालत होती, केक ओट्यावर निवत होता आणि नातीने वाढदिवसाला दिलेला टॅब्लेट हाताशी होता. निवृत्त माणसाला घरात एकटं सोडलं की दुसरं काय होणार?

मार्शबीच्या महिला मंडळात व्हिक्टोरिया केकचे नियम फार कडक. दोन थर, मध्ये फक्त रास्पबेरीचा जॅम. क्रीम लावलं की बाद, वरच्या बाजूला केक निववायच्या जाळीचे वळ उमटले तरी बाद. गेल्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेतल्या स्पर्धेत बेरिलचा पहिला नंबर हुकला तो जॅमचा थर पातळ पडला म्हणून. तेव्हापासून एडगर तिला चिडवायची एकही संधी सोडत नसे. त्या दिवशी त्याने फोटोखाली लिहिलं, 'ब्रसेल्सचा नवा नियम! केकमधला जॅम बरोबर पाच मिलिमीटर. जत्रेत तपासनीस येणार.' आणि ते गावाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकून दिलं. थट्टा आहे हे कळावं म्हणून शेवटी हसरा चेहरा टाकायचा होता, पण चष्मा वरच्या खोलीत राहिला होता. हसरा चेहरा समजून त्याने जे दाबलं, ते निघालं देशाचं निशाण.

दिवस तसे तापलेलेच होते. ब्रसेल्सहून चालणाऱ्या युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर तेवीस जूनच्या गुरुवारी अख्खा देश मत देणार होता. नात टॅम्सिन लीड्सला शिकत होती आणि पुढच्या वर्षी तिला शिकायलाच हॉलंडला जायचं होतं. ईस्टरला आली तेव्हा तिने आजीआजोबांना समोर बसवून समजावलं होतं की बाहेर पडलो तर तिच्या शिक्षणाचं घोडं तिथेच पेंड खाईल. बेरिलने लगेच शब्द दिला. एडगरने दिला नाही. त्याची उभी हयात बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेली होती. आधी मासेमारीच्या होड्या गेल्या, मग कारखाना गेला, आणि तुमचं काय म्हणणं आहे असं त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. आता पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, तर त्याला स्वतःचं उत्तर द्यायचं होतं.

"द्या तुमचं उत्तर," टॅम्सिन म्हणाली होती. "फक्त त्या टॅब्लेटवर काहीबाही वाचून देऊ नका, आजोबा. तुमच्या वयाच्या लोकांना तिथलं सगळं खरं वाटतं."

हे एडगरच्या जिव्हारी लागलं होतं.

आठवडाभराने तो गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, म्हणजे बोलिंगच्या हिरवळीवर गेला, तर मित्र नॉर्मनने फोन त्याच्या नाकासमोर धरला. फोटो तोच होता. पण आता मागे युरोपीय संघाचं ताऱ्यांच्या कड्याचं निळं निशाण होतं, आणि खाली नव्याने लिहिलं होतं की नऊ सुगरणींना दंडही झालाय.

"अरे, हे मी केलंय," एडगर म्हणाला. "बेरिलची गंमत करायला."

नॉर्मनने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "आणि दंड?"

"दंडाचं मी नाही लिहिलं."

"मग? ते दुसऱ्याच कोणीतरी लिहिलंय. दोन वेगळी माणसं एकाच केकबद्दल खोटं कशाला बोलतील?"

घरी जाताना एडगर बराच वेळ विचार करत होता, आणि खरं सांगायचं तर चर्चच्या कोपऱ्यापर्यंत त्यालाही वाटायला लागलं की जॅमचं आपण रचलं असलं, तरी दंडाचं खरं असेल.

मग जत्रेचा शनिवार उजाडला. चर्चच्या हिरवळीवर टेबलं मांडली होती, केक ओळीने लावले होते, आणि बेरिलच्या केकमध्ये यंदा जॅम असा भरला होता की परीक्षकबाईंना चष्म्याची गरजच पडू नये. तेवढ्यात फाटकातून एक अनोळखी माणूस आत आला. त्याच्या काखेत कागद अडकवलेली फळी होती आणि हातात मोजायची टेप. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून मोजमाप सुरू केलं.

मंडळाच्या चिटणीस पिंचबेकबाई. त्यांनी युद्धाच्या गोष्टी आईकडून ऐकल्या होत्या, त्यामुळे हुकूम कसा सोडायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "केक हलवा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. बघता बघता सगळी टेबलं रिकामी झाली. कोणाचा केक टेबलक्लॉथखाली गेला, कोणाचा बाबागाडीत बाळाच्या पायाशी. बेरिलने आपला केक एका खुर्चीवर ठेवला आणि त्यावर शाल पांघरली.

तो बिचारा बँडवाल्यांच्या तंबूची जागा मोजायला आला होता. ऊन फार होतं. मोजून झाल्यावर त्याला समोर शाल घातलेली एक मऊ खुर्ची दिसली, आणि दमलेल्या माणसाने जे करावं तेच त्याने केलं.

स्पर्धा रद्द झाली. रात्री जेवताना बेरिलने काटा खाली ठेवला. "ठरलं माझं," ती म्हणाली. "गुरुवारी दाखवतेच."

हे आता एडगरच्या चांगलंच अंगाशी आलं होतं. दुसऱ्या दिवशी टॅम्सिनचा फोन आला. आजी काही बोलायलाच तयार नाही, नुसती केक केक करतेय, असं ती सांगत होती.

"आजीने मला शब्द दिला होता, आजोबा. कोणत्या मूर्खाने हे पसरवलं असेल?"

"असतात एकेक लोक," एडगर म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने बायकोला खरं सांगायचा अनेकदा प्रयत्न केला. तो घसा खाकरायचा, बेरिल विणकाम थांबवून बघायची आणि विचारायची, "काही म्हणत होतास?" मग तो खिडकी लावू का असं विचारायचा. खिडकी आधीच लावलेली असायची. तिच्या वर्षभराच्या मेहनतीवर आपल्यामुळे एक माणूस बसला, हे सांगायला लागणारी जीभ त्याला देवाने दिली नव्हती. बोलिंगच्या हिरवळीवर मात्र त्याने सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. तिथे कोणी विश्वास ठेवेना. एकाने तर हळूच विचारलं की असं बोल म्हणून तुला ब्रसेल्सहून कोणी धमकावलंय का.

गुरुवारी तो बेरिलच्या आधी एकटाच मत द्यायला गेला. लाकडी आडोशामागे दोरीला बांधलेली पेन्सिल लोंबत होती. कागदावर दोनच चौकटी होत्या. बाहेर पडायची चौकट इतकी वर्षं जणू त्याचीच वाट बघत होती. पण टॅम्सिनच्या बाजूचं एक मत आपण थट्टेत घालवलं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. घालवलेलं भरून द्यायला हवं. त्याने राहायच्या चौकटीत फुली मारली. फुली वाकडी आली. कारखान्याचं दार शेवटचं बंद झालं त्या दिवशी वाटलं होतं, तसंच वाईट त्याला पुन्हा वाटलं.

शुक्रवारी सकाळी रेडिओने सांगितलं की देश बाहेर पडला. पाठोपाठ टॅम्सिनचा फोन आला. ती रडत होती, आणि मागे कुठेतरी ढोल वाजत होते.

"आजीने बाहेरचंच दिलं ना?"

बेरिल चहाची किटली घेऊन समोरच उभी होती. एडगरने डोळे मिटले. "तो केकचा फोटो माझा होता, पोरी. मीच टाकला. तुझ्या आजीचं मत माझ्यामुळे गेलं, म्हणून मी माझं तुला दिलं. राहायच्या बाजूने दिलं."

टॅम्सिन बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, मी मत दिलंच नाही."

ती मैत्रिणींबरोबर गाण्याच्या जत्रेला गेली होती, लांब कुठेतरी शेतात, घोटाभर चिखलात. "माझ्या फोनवर सगळे राहूच म्हणत होते हो. बाहेर म्हणणारा एकसुद्धा दिसला नाही. मला वाटलं, जिंकलोच आहोत. माझ्या एका मताने काय होणार?"

एडगरच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तुमच्या वयाच्या लोकांना तिथलं सगळं खरं वाटतं, एवढंच म्हणायचं होतं. पण पोरगी हुंदके देत होती. "पाय कोरडे ठेव," तो म्हणाला. "आणि घरी ये. काहीतरी मार्ग काढू." त्याने फोन ठेवला.

बेरिलने त्याच्यापुढे चहा ठेवला, मग कपाटाचा खण उघडून लाकडी पट्टी काढली आणि कपाशेजारी ठेवली. पट्टीचं एक टोक जळून काळं झालेलं होतं.

"टोस्टरमध्ये अडकलेला पाव पट्टीने उकरणारा माणूस मी तरी एकच पाहिलाय," ती म्हणाली. "फोटोत पहिल्याच दिवशी ओळखली मी. जत्रेत केक झाकला तो फक्त पिंचबेकबाईंच्या धाकाने. तोंडाने कधी सांगतोस, याची वाट बघत होते."

"म्हणजे तू मत..."

"राहायचं दिलं. पोरीला शब्द दिला होता. केकपायी कोणी मत बदलतं का?"

"पण नॉर्मन? पिंचबेकबाई?"

"नॉर्मन तुझ्या फोटोच्या आधीपासून बाहेर पडलेला आहे. आणि पिंचबेकबाईंचा नवरा ज्या दिवशी राहू म्हणाला, त्या दिवशीच बाईंचं ठरलं." तिने त्याच्या चहात साखर घातली. रोजच्यापेक्षा एक चमचा जास्तच. "तुझ्या त्या फोटोने कोणाचंही मत फिरलेलं मी पाहिलं नाही."

एडगर पट्टी हातात घेऊन बसून राहिला. अख्ख्या मार्शबीत त्या फोटोपायी मत फिरलेला एक माणूस होता, आणि तो आता कप तोंडाला लावून आपला चेहरा लपवत होता.