वानखडेभाऊंची सुई

वानखडेभाऊंकडे एखाद्या विषयावरची पुस्तकं मागितली की ते आधी खणातून स्वेटर विणायची सुई काढायचे. नवा विद्यार्थी दोन पावलं मागे सरकायचा.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भाऊ आणि मी, असे दोघे कारकून. जाड वह्यांतून एखादा विषय शोधायचा तर अर्धा दिवस जायचा. ते भाऊंना सहन होईना. त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड केलं, कडेनं भोकं पाडली. एकेक भोक एकेका विषयाचं. पुस्तक ज्या विषयाचं, त्या विषयाचं भोक कडेपर्यंत कापून टाकायचं. मग गठ्ठ्यातल्या हव्या त्या विषयाच्या भोकातून सुई घालून वर उचलली, की हवी तेवढीच कार्डं टपटप खाली पडायची.

"पाहा, पडले का नाई?" भाऊ दरवेळी नव्यानं खूश.

चार वर्षं ते भोकंच पाडत होते. डब्यातल्या भाकरीलाही पाडतील, असं आम्ही म्हणायचो.

मग विद्यापीठाकडून एक साहेब तपासणीला आले. भाऊ धुतलेली टोपी घालून उभे.

"कपाशीच्या किडीवर काय आहे?"

भाऊंनी सुई घातली, उचलली. सात कार्डं पडली. सातही बरोबर.

साहेबांनी सुईकडे पाहिलं. "हे ग्रंथालय आहे की लोकरीचं दुकान?"

जमलेले सगळे हसले. मीही हसलो. भाऊंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.

आठवड्यानं हुकूम आला, वह्याच वापरा. कार्डं कपाटावर गेली, त्यांना वाळवी लागली. भाऊ पुन्हा वह्या चाळू लागले आणि पुढे निवृत्त होऊन अकोल्याला बहिणीकडे गेले.

एकदा कामानं अकोल्याला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. भाऊ वाळले होते. उठायला लागलो तर म्हणाले, "बसा ना. घाई कावून करता? इथं मले कोनी काई विचारत नाई."

मोटार स्टँडपर्यंत ते पायी आले. गाडी सुटताना खिडकीशी म्हणाले, "पत्र टाकजा. काई बी विचारजा. मी शोधून कळवतो."

मी हो म्हणालो. विचारण्यासारखं काही सुचत नाही, असं स्वतःला सांगत राहिलो.

दिवाळीनंतर त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. भाऊ गेले होते. खाली लिहिलं होतं, "रोज दुपारी डाकवाल्याची वाट पाहत दारात बसत. तुमी काईतरी विचारनार होते म्हने."