यंत्राची दोरी कोणी कापायची

अल्माटीच्या एका संशोधन संस्थेत तरुण संशोधक मेरुएर्तच्या यंत्राची दोरी कोणी कापायची, यावरून सकाळपासून वाद चालला होता. कझाखांची रीतच आहे: पोर पाऊल टाकायला लागलं की पायांत काळी-पांढरी दोरी बांधायची आणि चपळ माणसाकडून कापून घ्यायची. पुढे पोर त्याच्यावर जातं. यंत्राचंही आज पहिलंच पाऊल होतं.

"मी कापते," भांडार सांभाळणाऱ्या कुल्पाश-आपाय म्हणाल्या. त्या जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत.

"तुमच्यावर गेलं तर संपलंच, आपाय," मेरुएर्त म्हणाली. "मला संथ माणूस हवाय."

यंत्र म्हणजे टपाल तिकिटाएवढी पारदर्शक पट्टी. तिच्यातल्या केसासारख्या वाटांतून रक्त सावकाश सोडलं, की कर्करोगाच्या थोराड पेशी बाजूच्या वाटेला लागत. घाई केली की सगळा काला.

संथपणात संचालक सेयितकाली-आगांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिवाय यंत्राची ही खोली कोणाला द्यायची, हेही त्यांच्याच हातात होतं. आज पडद्यावर पेशी दिसल्या नाहीत तर ती प्रयोगाचे उंदीर पाळणाऱ्या उंदीर विभागाला जाणार होती, आणि त्या विभागाचे प्रमुख मोजायची टेप घेऊनच आले होते.

मेरुएर्तने प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्तात मिसळल्या, ते रक्त भरलेली सिरिंज पंपावर तोंड वर करून लावली, पंपाला दोरी गुंडाळली. आगांनी कात्री घेतली. मग, आधी आशीर्वाद द्यावा म्हणून, खाली ठेवली. आशीर्वाद यंत्रापासून निघाला, मेरुएर्तच्या आजोबांच्या घोड्यांपर्यंत गेला आणि बराच वेळ तिथेच चरत राहिला. चहा दोनदा गार झाला. अखेर दोरी कापली गेली.

पंप सुरू झाला. पडद्यावर नुसतं पिवळट पाणी.

"खिडकीकडून मोजू का?" उंदीर विभागाने विचारलं.

मेरुएर्तने नळी पाहिली, पट्टी पाहिली, पंप पाहिला. काही सापडेना.

"सरक गं पोरी, जेवणाचं दस्तरखान घालू दे. मटण निवतंय," म्हणत आपायांनी पंप उचलला आणि सिरिंजकडे निरखून पाहिलं. "हे सगळं बुडाला बसलंय की. घोडीचं दूध तरी न घुसळता वाढतं का कोणी?" त्यांनी सिरिंज पंपासकट दोनदा उलटीपालटी केली.

थोड्या वेळाने पडद्यावर एक गुबगुबीत पेशी आली, वळली, बाजूच्या वाटेला लागली. तिच्यामागून दुसरी.

"लेकरू तुमच्यावरच गेलंय, आगा," आपाय म्हणाल्या. "हलवल्याशिवाय कामाला लागत नाही."

आगांनी यावर विचार केला. "खोली मेरुएर्तची," ते म्हणाले. "तिच्या अर्जाचा कागद माझ्या टेबलावर असेलच. सही करतो."

मेरुएर्तचा चेहरा उतरला. कागद टेबलावर होताच; गेल्या हिवाळ्यापासून, गठ्ठ्याच्या अगदी तळाशी.

आपाय दोन-दोन पायऱ्यांनी वर गेल्या. आगांच्या टेबलावरचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी उलटा करून ठेवला.

खाली आगा कात्री कुठे ठेवावी, याचा विचार करत होते.