खाजरं ब्लँकेट

"वेल्डिंगचं ब्लँकेट कोटिंगवालं घ्या हं बाबा. नुसत्या काचेच्या धाग्यांचं अंगाला फार खाजतं!" ताईने फोनवर बजावलं होतं. ती दूरच्या कारखान्यात वेल्डर, असली ब्लँकेटं रोज हाताळणारी.

"मला काय ते पांघरून झोपायचंय?" म्हणत बाबांनी घरामागच्या वर्कशॉपसाठी साधंच मागवलं. ठिणग्यांपासून सामान झाकलं गेलं म्हणजे झालं!

ते आलं नेमकं ताई घरी आली त्या संध्याकाळी. धाकट्या बहिणीचे, छोटीचे तर पाय जमिनीवर ठरेनात. किती महिन्यांचं बोलणं साठलं होतं! पण ताई जेवता जेवताच पेंगायला लागली, आणि सकाळी तर तिची परतीची बस. म्हणजे संपलंच की सगळं!

आईने खोक्यावर 'ब्लँकेट' एवढंच वाचलं. "जरा खरखरीत आहे, पण ऊबदार असेल," म्हणत तिने ते पेंगणाऱ्या ताईच्या अंगावर घातलं.

सकाळी ताई गळ्यापासून घोट्यापर्यंत लालेलाल! छोटी तिची पाठ खाजवतेय, आई कपाळावर हात मारून घेतेय, आणि मागच्या वर्कशॉपमधून बाबांचा आवाज, "माझं ब्लँकेट कुणी पळवलं?"

या गडबडीत उत्तर कोण देणार! शेवटी बाबांनी टेलरकाकांच्या दुरुस्तीला आलेल्या स्कूटरच्या सीटवर जुना पडदा टाकला आणि तुटलेला स्टँड जोडायला घेतला. ठिणगी उडाली, पडदा पेटला. बाबांनी बादली ओतली, पण तोवर सीटला बशीएवढं भोक!

"अहो, स्कूटर जोडायला दिली होती की भाजायला?" टेलरकाका कडाडले.

बाबांचे हात अजून थरथरत होते. "सीट तुम्ही शिवा," ते चाचरत म्हणाले, "स्टँड आमची ताई जोडेल."

ताई एका हाताने मान खाजवत, दुसऱ्याने मास्क सावरत कामाला बसली. बस गेली. वाईट वाटल्याचा चेहरा करताना छोटीची जी काय दमछाक झाली!

संध्याकाळी दोघी वर्कशॉपच्या पायरीवर बसल्या. छोटीला राहवेना.

"ताई, तू तर हे ब्लँकेट डोळे मिटून ओळखशील. अंगावर घेतल्यावर कळलं नाही?"

"हात लागताच कळलं."

"मग काढलं का नाहीस?"

"आईने पायांखाली नीट खोचून दिलं होतं गं. तिकडे कोण खोचतं?"

छोटी ताईची पाठ खाजवू लागली.

"अजून खाली," ताई म्हणाली. "हां... तिथेच."