आप्पा कांबळे आणि डावीकडची गळती

गेल्या चैत्रात, गल्लीला नळाचं पाणी एक दिवसाआड येत होतं तेव्हा, यशवंत कांबळे यांनी आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीवर पाइपने बोअरचं पाणी सोडलं. सकाळची वेळ होती. आकाशात ढग नव्हता. गाडीच्या काचा वर होत्या आणि आत, पुढच्या डाव्या सीटवर, त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई बसल्या होत्या.

गल्लीला हे दृश्य नवीन नव्हतं. नवीन होता तो राग.

मी सांगलीत हळदीच्या बाजारामागे, कांबळ्यांच्या समोर राहतो. यशवंत कांबळे यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची नोकरी कोयनानगरला, धरणाच्या वर्कशॉपात गेली. काम जीपगाड्या दुरुस्त करण्याचं. पण तिथला पाऊस असा, की आप्पा इंजिनापेक्षा गळतीतच जास्त मुरले. निवृत्त होऊन सांगलीला आले, तरी जुनी गाडी दिसली की ते आधी वाकून पायाखालची चटई दाबून बघतात. ओली लागली की चेहरा उजळतो.

"पाणी लय लबाड हाय गड्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "शिरतं एकीकडनं आन् रडतं दुसरीकडं."

चटईतलं पाणी ते बोटावर घेऊन जिभेला लावत. गोडसर लागलं तर रेडिएटरचं, बेचव लागलं तर पावसाचं. रेडिएटरमधलं ते हिरवं पाणी विषारी असतं, हे डॉक्टरांनी बजावल्यापासून नुसता वास घेतात. "चव घेतल्याबिगर निदान म्हंजे मीठ न बघता आमटी वाढल्यागत," अशी त्यांची त्यावर तक्रार आहे.

पुढची पायरी हळदीची. गिरणीत सांडलेली हळदपूड ते डब्यात भरून आणतात आणि दरवाज्यांच्या रबरावर, काचेच्या कडेला फडक्याने पातळ पसरतात. मग गाडीच्या मालकाला आत बसवायचं, काचा वर करायच्या आणि बाहेरून पाणी सोडायचं. पाणी जिथून आत येईल तिथे हळदीत ओघळ उमटतो. पाइप कायम खालून वर न्यायचा, हा त्यांचा कडक नियम. आधी उंबरा, मग दार, मग काच, सगळ्यात शेवटी टप. "वरनं वतलं की समदीकडनंच गळाल्यावानी दिसतं. मग कुणाला धरायचं?"

या परीक्षेला गल्लीत 'गाडीला हळद लावणं' म्हणतात. आप्पांच्या हाताखालून गेलेली गाडी दारांच्या कडांना पिवळी असते आणि सांगलीत कुठेही ओळखू येते. एका शिक्षकांनी घरी जाऊन ते पिवळे डाग कपडे धुण्याच्या पावडरीने घासले. सीट लालभडक झाली. शिक्षकांची बायको किंचाळली, शेजारी जमले, गाडीत कोण मेलं याची चौकशी सुरू झाली. शिक्षक गाडी घेऊन परत आले तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "मास्तर, सांगलीत जल्म काढला आन् हळदीला साबण लावला व्हय?"

ते चुकत नाहीत असं नाही. वाईहून एक गुरुजी गाडी घेऊन आले होते. मागच्या सीटखाली सतत पाणी. आप्पांनी हळद लावली, सीट काढली, मागच्या दिव्यांचं रबर बदललं, दारातली बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. पाणी येतच राहिलं. शेवटी डिकीतला कृष्णेच्या पाण्याने भरलेला तांब्याचा कॅन उचलल्यावर खाली ओलं वर्तुळ निघालं. "म्हंजे गाडी गळत नव्हतीच!" गुरुजी म्हणाले. आप्पा जराही खजील झाले नाहीत. "पण आता गळणारच न्हाई, त्येचं काय?"

माझ्या गाडीलाही हळद लागली आहे. मी आत डोळे मिटून बसायचं आणि थेंब अंगावर पडला की काच वाजवायची, अशी आज्ञा होती. टपावर पाणी पडू लागलं. काचेबाहेर गल्ली हळूहळू विरघळली. समोरचा निळा दरवाजा ओघळत खाली आला, आप्पा एक लांबट, डुलणारी सावली झाले. हळदीचा ओला वास सुटला. मी झोपलो. आप्पांच्या म्हणण्यानुसार निम्मे मालक झोपतात.

इतक्या गाड्या कोरड्या करणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी मात्र गळकी होती. साईच्या रंगाची, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली, आता फारशी न हलणारी. डावीकडे पुढे, पाय ठेवायच्या जागी, ठिबकायचं. दोन वर्षं आप्पा ती गळती शोधत होते. "सापडंना," एवढंच सांगत. एक गोष्ट मला दिसत होती, पण लक्षात आली नव्हती: स्वतःच्या गाडीवर ते पाइप खालून वर नेत नसत. सरळ टपावर धरत.

बोअर सहा घरांची आणि मोटारीचं बटण पाटील वहिनींच्या घरात. चैत्रात बोअर धापा टाकू लागली. वहिनींनी मला दारात गाठलं.

"भावजी, तुमी पेपरवाले. तुमीच सांगा त्यास्नी. हितं हंडाभर पाण्याची मारामार, आन् हे मोटारीला आंघोळ घालत्यात! एक तर गाडी नीट करा, न्हाईतर भंगारात घाला. उद्या पाइप लावला की मी बटण बंद करणार. मग कुणी मला वाईट म्हणायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोप घेऊन गेलो. पाइप आधीच टपावर होता. आप्पांनी ऐकून घेतलं. "बंद करणार म्हणाल्या?" त्यांनी एकदाच विचारलं. मग मागचं दार उघडलं. "बसा. थोडा येळ. बोलू नगा."

मी मागे बसलो. शकुंतलाबाई पुढे होत्या. दोन-तीन वर्षांपासून त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, हे गल्लीला माहीत होतं. दिवसभर त्या दाराची कडी काढत आणि "घरी जायचं" म्हणत. आप्पांना भाऊसाहेब म्हणत. गाडीत त्या मांडी घालून, निवांत बसल्या होत्या. खाली, पाय ठेवायच्या जागी, स्टीलचं वाडगं होतं. वरून थेंब येत होता आणि वाडग्यात वाजत होता.

"आवं," त्या काचेबाहेरच्या सावलीकडे बघून म्हणाल्या, "पत्रा गळतोय बगा. ह्यो पाऊस काय हटत न्हाई. धरणाचं दरवाजं उगाडलं का?"

"उगाडलं की," बाहेरून आप्पा म्हणाले. "आज दुपारीच."

"मग आत या. भाकरी निवायली."

आप्पांनी खुणेने माझी काच बोटभर खाली करायला लावली आणि फटीपाशी तोंड आणून हळू आवाजात सांगितलं, त्यांच्या कोयनेच्या खोलीचा पत्रा गळायचा. आदल्या वर्षी त्यांनी गाडीची गळती बंद केली होती. एका दिवसात सापडली होती. त्या दिवशी टपावर पाणी वाजलं, पण थेंब पडला नाही. शकुंतलाबाई वाडगं हातात धरून रडल्या. हे आपलं घर न्हवं, म्हणाल्या. बोलताना आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून गळतीच्या भोकाचं लहान, काळं रबरी बूच काढून दाखवलं आणि परत खिशात ठेवलं.

तेवढ्यात पाटील वहिनी आल्या. पदर खोचलेला होता.

"आप्पा, आवं किती डाव सांगायचं? मी बटण बंद कराय निघालीया. सांगूनच..."

पाइपचं पाणी टपावरून उडून त्यांच्या खांद्यावर पडत होतं. शकुंतलाबाईंनी काच खाली केली.

"आगं पोरी, भिजतीयास की!" त्या म्हणाल्या. "एवढ्या पावसात कुटं निगालीस? आत ये. यष्टी काय आता याची न्हाई."

वहिनींनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा पाइपकडे बघत होते. मग वहिनींनी वाडग्याकडे पाहिलं. मी सरकून जागा केली.

वहिनी मागच्या सीटवर बसल्या. शकुंतलाबाईंनी वाडगं उचलून खिडकीबाहेर रिकामं केलं, परत थेंबाखाली ठेवलं आणि वहिनींना दार लावून घ्यायला सांगितलं.

वहिनींनी दार लावलं. बोअरची मोटार चालू होती.