मोकळ्या गाडीचा मुराळी

गोमादादा डायवर गाडी भरलेली असली की फाटकी बंडी घालायचा आणि गाडी मोकळी असली की कोट. हो, उलटंच! मुंबईचा माल घाट चढवून पुण्याला टाकायचा, मग मोकळ्या गाडीनं घाट उतरताना खोपोलीला थांबून दाढी करायची, डोक्याला तेल लावायचं आणि काळा कोट चढवून चाकामागं बसायचं. जणू कुणाच्या लग्नालाच निघालाय.

लोक हसायचे. तो म्हणायचा, "माल शेटचा, घाई शेटची. भरल्या गाडीत मी हमाल हाय. मोकळी गाडी माझी!"

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉरीच्या पाठीला बंबासारखी मोठी टाकी बसवलेली. तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याच्या वायूवर गाडी चालायची. दर चार मैलांवर उतरून सळईनं ढोसायचं. त्यामुळं कोट झकास, पण तोंड काळंमिट्ट. गाडीवर जीव असा, की तिला नजरेआड करून चहा प्यायलासुद्धा जायचा नाही. चहावाल्यालाच हाक मारायचा, "इकडं आण रं, ही एकटी ऱ्हात नाय."

मी तेव्हा खोपोलीजवळच्या कुंभिवलीला नवी सून होते. माहेर कर्जतच्या अलीकडं. आई तापानं आजारी असल्याचा निरोप आला होता, पण मला न्यायला येणार कोण? वडील नाहीत, भाऊ नाही. आणि माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सून धाडायची नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण रीत म्हणजे रीत. मी आठ दिवस चुलीपुढं डोळे पुसत होते, आणि धुराचं नाव सांगत होते.

रस्त्यावरच्या चहावाल्यानं ही गोष्ट गोमादादाच्या कानी घातली. दुसऱ्या खेपेला लॉरी थेट आमच्या अंगणासमोर. कोट घातलेला गोमादादा उतरला आणि म्हणाला, "मुराळी आलोय. पोरीला तयार करा."

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तू कोण रं हिचा?"

"हिच्या आईच्या मावसबहिणीच्या दिराचा मेव्हणा."

"मंजे कोण नाय!"

"तुमी मोजत बसा मावशी, तवर मी गाडी वळवतो."

सासूबाईंना हसू आलं, पण त्या हटल्या नाहीत. "मुराळी असा हात हालवत येतो व्हय? खाऊ नाय, शिदोरी नाय. कोट तेवढा घातलान!"

गोमादादाचा चेहरा उतरला. सगळी रीत त्याला ठाऊक, नेमका खाऊच विसरला होता. मोकळ्या गाडीत द्यायला असणार तरी काय? तो टपावर चढला आणि कोळशाचं राखीव पोतं खाली ओढून सासूबाईंच्या पायाशी ठेवलं. "हा खाऊ!"

त्या टंचाईत पोतंभर कोळसा! सासूबाईंनी मला स्वतः कुंकू लावलं.

मी लॉरीत पुढं, उंचावर बसले. शेजारणी दाराशी येऊन बघत होत्या. आमच्या गावात मुराळी चालत आले, बैलगाडीनं आले; लॉरी घेऊन आला तो माझाच. आजही सांगताना माझी मान ताठ होते.

चौकला वळून कर्जतच्या रस्त्याला लागलो आणि दोन कोस उरले असताना गाडी खोकली, थरथरली, बंद पडली. टाकीत राख. राखीव पोतं माझ्या सासरी.

"आता वो दादा?"

त्यानं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. चहासाठी गाडी न सोडणारा माणूस! चाकाला दगड लावले, बॉनेटवर हात ठेवून तिला म्हणाला, "बस जराशी, आलोच," आणि माझं गाठोडं डोक्यावर घेऊन भर उन्हात कोटासकट चालू लागला.

आईचा ताप उतरणीला होता. मला बघून ती उठून बसली, आधी माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग गोमादादासाठी मला पाट मांडायला लावला. "माझी पोर आणलीस रं बाबा. तुझी बहीण कुठं दिलीय?"

"पालीकडं दिली व्हती. दोन वर्सं सांगावा धाडत व्हती, दादा न्यायला ये. दर बारीला माझी गाडी भरलेली. शेट म्हणायचा, आधी माल." तो भाकरीकडं बघत राहिला. "तिसऱ्या वर्साला मोकळ्या गाडीनं गेलो, तर दिवस घालून झाले व्हते तिचे."

आईनं ताट त्याच्याकडं सरकवलं. मग म्हणाली, "जेव. आणि आठ दिसांनी हिला सासरी सोडायला तूच ये. दुसऱ्या कुणाबरोबर मी धाडायची नाय."

गोमादादानं मान हलवली, तांब्या उचलला आणि भिंतीकडं तोंड करून पाणी पीत राहिला. एक तांब्या पाणी प्यायला माणसाला एवढा वेळ लागत नाही.