जिलबी नको, गोल काढ

शिंदे मास्तरांनी माझ्या ग्लायडरमधल्या चढ-उतार दाखवणाऱ्या काट्यावर चिकटपट्टी लावली, तेव्हा मी मनातल्या मनात घातलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. ग्लायडरला इंजिन नसतं. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा हुडकायची आणि तिच्यात गोल फिरत चढायचं. काटाच झाकला तर कळणार कसं?

"काटा मागून सांगतो, बूड आधी सांगतं!" मास्तर खेकसले.

पैठण रस्त्याच्या माळावर हा सत्तरीतला माणूस बाजेवर उताणा पडून, हातात वायरलेस घेऊन दिवसभर ओरडायचा. "अबे, गोल काढ, गोल! जिलबी काय तळतो!" सगळा माळ ऐकायचा. शहरात क्रांती चौकात यांची रिक्षा वळली तरी हे ओरडणार, "झुकव ना बे!"

तासभर टिकलो तरच मला ग्लायडिंगचा बिल्ला मिळणार होता. तीनदा गेलो, तीनदा वीस मिनिटांत खाली. उचलला जाणारा पंख ज्या बाजूचा, चढती हवा तिकडं असते. मी घाबरून उलटा वळायचो.

"हवा बोलावतीय अन् तू पळतोय! लग्न झालं का तुझं?"

"नाय, मास्तर."

"होणार बी नाय."

चौथ्यांदा मात्र डोकंच फिरलं. वर जाताच मी वायरलेस बंद केला. घ्या, ओरडा आता! थोड्या वेळानं उजवा पंख उचलला. दात-ओठ खात उजवीकडंच वळलो, तर बुडाखालून कुणीतरी खांद्यावर घ्यावं तसा वर निघालो. एक तास दहा मिनिटं!

ऐटीत उतरलो, तर मास्तर लालबुंद. "उतरला कशाला?"

"तास झाला ना!"

"हवा होती की अजून! हवा असताना कुणी उतरतं व्हय?"

"मग तुम्हीच जा ना वर! बाजेवर पडून बोलायला काय जातंय?"

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मास्तरांचं उडणं कायमचं बंद केलं होतं. मला हे ठाऊक होतं, तरी बोललो. लाजेनं मेल्यासारखं झालं.

मास्तर बाजेवर बसले. वर आभाळाकडं बघत म्हणाले, "वर गार होतं का रे?"

"लई गार, मास्तर."

"अन् पैठणचं धरण?"

"दिसलं. पाणी चमकत होतं."

त्यांनी मान हलवली. मग नेहमीसारखे खेकसले, "उद्या दोन तास बसायचं! अन् वायरलेस चालू ठेव, गाढवा. मी नाय ओरडणार. तू फक्त काय काय दिसतंय ते सांगत राहा."