तिसऱ्या गरम पट्ट्याची तलासरी मोहीम

श्रीगजाननास नमन असो आणि कचेरीच्या खिडकीसही असो, कारण ती बंद झाली तर गजाननही काय करणार? शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरी, आषाढमासी, मंगळवारी, कसबे तलासरी येथे जे रण माजले त्याची हकीकत घडली तैशी येथे नमूद असे. ज्यांस झोंबेल त्यांणी पाणी प्यावे.

तलासरीत एका कचेरीसमोर प्राजक्ताबाईंचे झेरॉक्सचे ठाणे. बाई हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. ठाण्यातील यंत्राच्या पोटी एक गरम पट्टा फिरे आणि कागदावर पडलेली काळी पूड वितळवून चिकटवी, तेव्हां अक्षर ठरे. पट्टा फाटला की अक्षराची नुसती धूळ. एक पट्टा मागील पंधरवड्यात धारातीर्थी पडला होता आणि दुसरा त्याच सकाळी पडला, बाईंस पत्ताही न लागता.

तों डोंगराकडील पाड्यावरून रखमीबाई दाखल जाहली. लेक मैना नर्सिंगास लागणार, त्याची शेवटली तारीख तीच, आणि हुकूम ऐसा की दाखल्यांच्या तीन तीन प्रती पाचाच्या आत खिडकीस गुजरल्या पाहिजेत. बाईंणी प्रती काढिल्या, रखमी त्या घेऊन खिडकीस गेली, आणि खिडकीआड बसलेले विपुलराव कारकून यांणी जातीच्या दाखल्याच्या प्रतीवर अंगठा फिरविला, तों कागदावरील जात अंगठ्यावर आली. या मुलखात जात इतक्या सहजी पुसली गेल्याचा हा पहिलाच दाखला. पण कारकुनास त्याचे सुख नाही! फर्मान सुटले की अक्षर पुसते सबब अर्ज नामंजूर, नव्या प्रती आणाव्या, नपेक्षा पुढील साली यावे.

रखमी परत ठाण्यावर आली आणि फर्मान सांगून पायरीवर बसली. ते बाईंस फार लागले; यंत्र उघडिले तों पट्टा फाटलेला. बाजारातील दुसरे यंत्र तर आठ दिवस डहाणूस दुरुस्तीस पडलेले. मग बाईंणी डहाणूच्या दीपेश मिस्त्रीस फोन लावून फर्माविले की, उभ्याउभ्या निघ, नाहीतर तुझे नाव भिंतीवर लिहीन आणि खाली काय लिहीन ते तुला ठाऊक आहे.

मिस्त्री स्कूटरवर स्वार जाहला आणि चारोटीस हमरस्त्याला लागला आणि विवळवेढ्यास महालक्ष्मीपुढे हात जोडून, भर पावसात, चार वाजता तलासरीस पोहोचला. पिशवीत पट्टा एकच. डहाणूत दुसरा नाही, वापीहून यायचा तर तीन दिवस.

"प्राजक्ताबेन, करंट वरखाली होतो तुमच्याकडे. पट्टा काय करणार बिचारा?"

"मागच्या वेळी हवा दमट म्हणालास. उद्या माझी पत्रिका काढशील!"

ऐशी तुंबळ वाक्‌युद्धे होत असता तिसरा पट्टा तख्तनशीन जाहला आणि घड्याळ साडेचारांवर आले.

आता या ठाण्याचा एक रिवाज सांगणे प्राप्त. चांगला कागद चाचणीत नासवावा हे बाईंच्या जिवावर येई. कचेरीतून एका बाजूने छापलेल्या कागदांची गोण येत असे, ज्यांस पाठकोरे म्हणतात, आणि नवा पट्टा बसला की मिस्त्री दहा प्रती त्यांजवर काढून पाही. दोन्ही पट्ट्यांची सलामी ऐशीच झडली होती. मिस्त्रीने गोणीत हात घातला आणि गठ्ठा यंत्रात सरकवू लागला.

रखमी पायरीवर त्याच गोणीला टेकून बसली होती. उगाच बसवेना म्हणून, तांदूळ निवडावे तैसे ती कागद सारखे करीत होती. ती ताडकन उठली आणि मिस्त्रीचे मनगट धरिले.

"थांब दादा! हे बघ, बोटाला काय लागलं."

बोटावर रक्ताचा टिपूस. कागदाच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन, अर्धी तुटलेली, तोंड वर करून बसलेली. मिस्त्रीने मेलेला पट्टा उजेडात धरिला तों त्यावर त्याच मापाचा ओरखडा, आणि पुढे फाट.

मिस्त्री बाईंकडे पाही, बाई मिस्त्रीकडे.

"करंट ना रे?" बाई म्हणाल्या.

"गोण तुमची, बेन."

"आणि हात तुझा."

येणेप्रमाणे दोघांणी पराभव अर्धा अर्धा वाटून घेतला. मग बाईंणी हुकूम जारी केला की आजपासून पाठकोरा कागद यंत्राच्या वाऱ्यासही उभा राहू नये. आणि कोऱ्या कागदाचा नवा गठ्ठा स्वहस्ते फोडिला आणि चाचणी न घेता थेट मैनाचे दाखले लाविले. प्रती गरमागरम निघाल्या. रखमीने प्रत्येकीवर आपला अंगठा आधी फिरविला.

पाचास सात मिनिटे असता विपुलरावांणी अंगठा फिरविला, दुसऱ्यांदा जोराने फिरविला, तिसऱ्यांदा थुंकी लावून फिरविला. जात जागची हलली नाही. शिक्का पडला.

आणि मग विपुलरावांणी सकाळचा नामंजूर संच उचलून, खटकन पिन मारून, टेबलाखालील पाठकोऱ्यांच्या गोणीत टाकिला.

रखमीमागे उभ्या प्राजक्ताबाईंणी खिडकीतून हात घातला आणि तो संच काढिला आणि नखाने पिन उपसून विपुलरावांच्या चहाच्या बशीत ठेविली. "ही तुमची," म्हणाल्या, "हिच्या बहिणींनी माझे दोन पट्टे खाल्लेत आधीच."

तिसरा पट्टा शाबूत. मैना नर्सिंगास दाखल. फत्ते रखमीबाईच्या बोटाची, ऐसे दफ्तरी दाखल असे.